टणटणीच्या पानांतून झिंक ऑक्साईड आणि डासांच्या अळ्या: कोल्हापुरातल्या एका पावसाळ्याच्या प्रकल्प नोंदी

१४ जून

एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प ठरला. वनस्पतीचा अर्क वापरून झिंक ऑक्साईडचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, करायचे आणि ते एडिस इजिप्तीच्या अळ्यांवर तपासायचे. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारा हाच डास. पावडरीची बाजू माझी, अळ्यांची बाजू प्राणिशास्त्र विभागातल्या मैत्रिणीची. पुढच्या वर्षी कुणी हा विषय घेतला तर त्याचे पैसे आणि आठवडे वाचावेत म्हणून या नोंदी ठेवतेय. प्रस्तावनेतलं पुस्तकात मिळतं, ते इथे नाही.

वनस्पती टणटणी घेतली, म्हणजे घाणेरी. कडुनिंब आणि तुळशीवर ढीगभर काम झालंय. टणटणी बांधावर, रस्त्याकडेला, पन्हाळ्याच्या उतारावर हवी तेवढी मिळते. मूळची अमेरिका खंडातली, इथे तण म्हणून माजलेली, त्यामुळे तोडायला कुणाची हरकत नाही. जनावरं तिला तोंड लावत नाहीत, आणि लावलंच तर पानातल्या लँटाडीनमुळे विषबाधा होते. म्हणजे पानातच विषारी द्रव्य आहे.

मॅडमना विषय सांगितला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "अळ्या मरतील गं, त्यात काय. पण कशानं मेल्या ते कसं सांगणार तुम्ही दोघी?" हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

१९ जून

पानं आणली. देठाला बारीक काटे असतात, जाड हातमोजे लागतात. पावसात भिजलेली पानं होती. सावलीत वाळवायला ठेवली तर तिसऱ्या दिवशी बुरशी. या हवेत पानं वाळवण्याचा नाद सोडावा. आता ताजी पानं नळाखाली धुवायची, मग डिस्टिल्ड पाण्यानं, सुती कापडात गुंडाळून पाणी टिपायचं आणि लगेच वजन करायचं. पाणी टिपलं नाही तर २५ ग्रॅम पानांत पान किती आणि पाऊस किती, ते कळत नाही.

२५ ग्रॅम पानं बारीक चिरून २५० मिलि डिस्टिल्ड पाण्यात, ७० अंशांवर अर्धा तास. पहिल्यांदा खळखळून उकळलं, तो अर्क गडद तपकिरी आणि चिकट झाला आणि गाळायला दुपार गेली. ७० अंशांवर ठेवला की पिवळसर हिरवा राहतो आणि गाळण कागदातून सरळ उतरतो. वास उग्र आहे, खिडक्या उघड्या ठेवा. प्रयोगशाळेतले मामा दारातूनच म्हणाले, "काय उकळालीयास गं हे? समोरच्या वर्गात कुणी बसंना झालंय." तेव्हापासून हे काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात.

अर्क फ्रिजमध्येही टिकत नाही. चार दिवसांनी गढूळ झाला आणि वर पांढरे धागे तरंगायला लागले. दर बॅचला ताजा करायचा.

२३ जून

झिंक ॲसिटेट डायहायड्रेट, ०.१ मोलर, ५०० मिलि. त्यासाठी १०.९८ ग्रॅम लागतं. चुंबकीय ढवळणीवर ६५ अंशांना ठेवून १०० मिलि अर्क थेंब थेंब सोडला. दोन तास ढवळलं. रंग बदलला, तळाला काहीच बसलं नाही. रात्रभर ठेवलं, सकाळी बोटाच्या नखावर मावेल इतका तपकिरी गाळ.

अनेक ठिकाणी वाचायला मिळतं की अर्क जस्ताचं क्षपण करून नॅनोकण तयार करतो. चांदीच्या बाबतीत ते खरं आहे, तिथे आयनाला इलेक्ट्रॉन मिळून धातू होतो. जस्ताच्या बाबतीत तसं काही घडत नाही. ॲसिटेटमध्ये जस्तावरचा भार अधिक दोन, ऑक्साईडमध्येही अधिक दोन. इथे लागतो तो अल्कली. अर्कातले पॉलिफेनॉल वगैरे रेणू फार तर कणांना चिकटून त्यांची वाढ आवरतात. तेव्हा सोडियम हायड्रॉक्साईड घ्यावंच लागेल, आणि ते घेतल्यावर "वनस्पतीनं बनवलेले" यातला वनस्पतीचा वाटा किती, हा प्रश्न उघडा राहतो.

२७ जून

२ मोलर सोडियम हायड्रॉक्साईड. हिशेबानं ५० मिलि पुरायला हवं, अर्क किंचित आम्लधर्मी असल्यानं थोडं जास्त लागतं. पहिल्या दणक्यात पांढरट पिवळा साका झकास पडला. आणखी पडेल म्हणून ओतत गेलो, तर साका विरळ व्हायला लागला. झिंक ऑक्साईड आणि हायड्रॉक्साईड दोन्ही उभयधर्मी, म्हणजे आम्लातही विरघळतात आणि अल्कलीतही. अल्कली फार झाला की झिंकेट होऊन परत विरघळतात. ती बॅच गेली.

आता पीएच १० ते ११ च्या मध्ये आला की थांबतो. पीएच कागदावर भरवसा ठेवू नका, अर्काच्या रंगामुळे कागदाचा रंग वाचता येत नाही. मीटर वापरा आणि इलेक्ट्रोड लगेच धुवा, त्यावर पांढरा थर बसतो. अल्कली घालायला घाई करायची नाही, मिनिटाला पाच मिलिपेक्षा जास्त नको.

३ जुलै

धुणं. सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि पुढे कळलं की सगळ्यात महत्त्वाचाही. आमचं सेंट्रिफ्यूज ४००० फेऱ्यांचं. त्यात कण पूर्ण खाली बसत नाहीत, वरचं पाणी दुधट राहतं आणि ते ओतलं की माल गेला. उपाय असा काढला: चंचुपात्र रात्रभर हलवायचं नाही, सकाळी वरचं निवळ पाणी सायफननं काढायचं, खालचा घट्ट भाग तेवढा सेंट्रिफ्यूजला. दोनदा पाण्यानं आणि एकदा इथेनॉलनं धुतलं आणि झालं असं धरलं.

८० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवलं. निम्मी पावडर तशीच बाटलीत, निम्मी भट्टीत जाणार.

७ जुलै

मफल भट्टी ४५० अंश, दोन तास. पहिली खेप राखाडी आली, मध्ये काळे ठिपके. पानातला सेंद्रिय भाग नीट जळला नव्हता. भट्टीचा काटा ४५० दाखवत होता, आत तेवढं तापमान नव्हतं. उद्यमनगरात उष्णता-प्रक्रियेचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिरांनी त्यांचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, आणून लावून दिला, काट्यात ६० अंशांचा फरक निघाला. पैसे घेतले नाहीत. फाउंड्रीच्या गावात राहण्याचा हा फायदा. ज्यांच्या भट्टीची तपासणी वर्षानुवर्षं झालेली नाही त्यांनी हे आधी करावं.

पुन्हा भाजल्यावर मुशीत पिवळी धमक पावडर दिसली आणि पोटात गोळा आला. घाबरू नका. झिंक ऑक्साईड गरम असताना पिवळं असतं आणि गार झालं की पांढरं होतं. तासाभरात पांढरं झालं.

पाच ग्रॅमच्या आतलीच गोष्ट आहे: ५०० मिलि बॅचमधून हिशेबानं ४.०७ ग्रॅम यायला हवं, हातात आलं ३.१. बाकीचं धुण्यात गेलं.

एक गोष्ट आज लक्षात आली, ती मॅडमना दाखवली. ४५० अंशांवर भाजलं की अर्कातले रेणू जळून जातात. मग भाजलेल्या पावडरीत पानाचं उरतं काय? आकार आणि घडण यांवर झालेला परिणाम उरतो, द्रव्य उरत नाही. मॅडम म्हणाल्या, "मग पान न घालता तीच कृती करून बघ की. तीच तापमानं, तोच पीएच, फक्त अर्काऐवजी पाणी." ही बॅच यादीत पहिल्या दिवशीच हवी होती. उद्यापासून ती.

१२ जुलै

अळ्या. मैत्रिणीचं काम, पण आठवडाभर दोघी यातच होतो.

उद्यमनगरात भंगाराच्या दुकानामागे जुन्या टायरांत पाणी साचलेलं. मालक म्हणाले, "ताई, टायरच घेऊन जावा, पाण्यासकट." त्यातून बऱ्याच अळ्या मिळाल्या. जयंती नाल्याकडेच्या अळ्या घ्यायला कुणी सुचवेल, त्या घेऊ नका. सांडपाण्यात क्युलेक्स हा दुसरा डास असतो. एडिस स्वच्छ, साचलेल्या पाण्यात. ओळख अशी: क्युलेक्सची श्वासनळी लांब आणि सडपातळ, एडिसची आखूड आणि जाड, आणि तिच्यावर केसांच्या झुपक्यांची एकच जोडी. ॲनोफेलिस डासाच्या अळीला ही नळी नसतेच, ती अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असते. भिंग पुरतं, पण खात्रीसाठी सूक्ष्मदर्शकाखाली आठव्या खंडावरचे कंगव्याचे दाते एका रांगेत आहेत का ते बघितलं.

तरीही टायरातल्या अळ्या चाचणीला वापरल्या नाहीत. त्यांचं वय सारखं नसतं. शिवाय आपल्याकडे आरोग्य सेवक पिंपात आणि टाक्यांत टेमिफॉस हे अळीनाशक टाकतात, त्या परिसरातल्या अळ्यांनी ते आधी सोसलेलं असू शकतं. म्हणून अंडी गोळा केली. काळा रंग दिलेले प्लॅस्टिकचे ग्लास, आतून खरबरीत कापडाची पट्टी, निम्म्यापर्यंत गवत भिजवलेलं पाणी. घरामागे, जिन्याखाली, सावलीत ठेवायचे. पाण्याच्या रेषेच्या जरा वर काळी, टाचणीच्या टोकाहून लहान अंडी चिकटतात. ग्लास पाचव्या दिवशी उचलायचेच, विसरलात तर तुम्हीच गल्लीत डास सोडलेत. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत या हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

पट्ट्या दोन दिवस दमट ठेवून मग सावलीत सुकवल्या. एडिसची अंडी कोरड्यात महिनोन्महिने जगतात. पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं, ते याचमुळे. अंडी एकदम फुटावीत म्हणून पट्टी उकळून गार केलेल्या पाण्यात टाकली. त्यात ऑक्सिजन कमी असतो आणि तोच अंड्यांना इशारा. नळाच्या पाण्यात टाकलेली पट्टी चार दिवस रखडत फुटली, उकळलेल्या पाण्यातली एका संध्याकाळीत.

खाणं: कुत्र्याचं बिस्किट तीन भाग, यीस्ट एक भाग, वाटून. चिमटीपेक्षा कमी. जास्त झालं की पाण्यावर साय धरते आणि सगळ्या अळ्या गुदमरतात. एक पूर्ण ट्रे असाच गेला. ट्रेवर जाळी, जाळीला चहूबाजूंनी रबर, खोलीला कुलूप.

२० जुलै

पहिली चाचणी. पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेची: कपात १०० मिलि पाणी, तिसऱ्या अवस्थेच्या शेवटच्या किंवा चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीच्या २५ अळ्या, प्रत्येक मात्रेला किमान चार कप, २४ तासांनी मोजणी. टोचल्यावर हलत नाहीत त्या मेलेल्या, वर येऊन श्वास घेण्याइतकी ताकद नाही त्याही मेलेल्यांतच. नुसत्या पाण्याच्या कपात ५ ते २० टक्के मेल्या तर ॲबट यांच्या सूत्रानं, म्हणजे आपोआप मेलेल्यांचा वाटा काढून, दुरुस्ती करायची, २० च्या वर गेल्या तर चाचणी रद्द. १० टक्क्यांहून जास्त अळ्या कोषात गेल्या तरी रद्द.

२५, ५०, १०० आणि २०० पीपीएम, म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम. सगळ्या कपांत जवळजवळ सगळ्या मेल्या, अगदी २५ मध्येसुद्धा. मैत्रीण आनंदली. मी एक जादा कप ठेवला होता, त्यात पावडर नव्हती, शेवटच्या धुण्याचं पाणी तेवढं होतं. त्यातल्याही निम्म्याहून जास्त मेल्या. पीएच मीटर घातला तर साठ्याच्या द्रावणाचा पीएच १० च्या वर.

म्हणजे धुणं झालंच नव्हतं. अल्कली, न बदललेलं जस्त, सोडियम ॲसिटेट, पानातलं काहीबाही, यातल्या कशानं अळ्या मेल्या ते सांगता येत नाही, पण कणांनी मेल्या असंही म्हणता येत नाही. सगळे आकडे काट मारून ठेवले.

हा जादा कप नसता तर हेच आकडे प्रबंधात गेले असते. फुकटात ठेवता येतो, सगळ्यांनी ठेवावा.

२८ जुलै

पाऊस थांबेना. पंचगंगा पात्राबाहेर, राजाराम बंधारा पाण्याखाली, गावाकडून येणाऱ्या मुलींच्या एसट्या बंद. वीज येऊन-जाऊन. ओव्हनचं काम अर्धवट राहिलं की पावडर हवेतला ओलावा पिते, आता ती डेसिकेटरमध्येच, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवते.

या काळात धुणं नव्यानं केलं. धुण्याच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजत गेले. ती जवळजवळ डिस्टिल्ड पाण्याच्या बरोबरीला आली आणि पीएच ७ च्या आसपास स्थिरावला तेव्हाच थांबले. पाच लिटरचे डिस्टिल्ड पाण्याचे कॅन संपत राहिले. प्रकल्पाच्या खर्चात झिंक ॲसिटेटपेक्षा पाण्याचं बिल मोठं आहे. अंदाजपत्रक करताना हे धरा.

३ ऑगस्ट

पावडर पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. कितीही ढवळा, पाच मिनिटांत खाली. अल्ट्रासोनिक यंत्र लागतं, ते आमच्याकडे नाही. मैत्रिणीच्या काकांनी मार्ग काढला. गुजरीत सराफ दागिने धुवायला अल्ट्रासोनिक यंत्र वापरतात. एका पेढीवर दुपारच्या निवांत वेळेत तासाला शंभर रुपयांनी मिळालं. त्यांच्या पाण्यात आपला माल ओतायचा नाही. यंत्रात स्वच्छ पाणी भरायचं आणि आपलं चंचुपात्र त्यात बुडवून धरायचं. अर्ध्या तासात पाणी चांगलंच तापतं, मधून मधून बर्फ टाकावा लागला. पेढीवरच्या मावशींनी नंतर यंत्र दोनदा धुवून घेतलं, ते योग्यच.

द्रावण भाताच्या पेजेसारखं एकसारखं दिसलं. ते टिकतं तीन-चार तास. यंत्रातून काढल्यावर कॉलेजात येऊन लगेच कप भरायचे, दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही.

९ ऑगस्ट

एक्सआरडीचे, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या तपासणीचे, निकाल आले. एका संस्थेत नमुने दिले होते, तारीख मिळायलाच तीन आठवडे गेले. नमुन्यामागे चारशे रुपये. हे काम पहिल्याच महिन्यात नोंदवून ठेवा, पावडर नंतर तयार झाली तरी चालते.

दोन-थीटा (क्ष-किरण वळण्याचा कोन) ३१.७, ३४.४, ३६.२, ४७.५, ५६.६ अंशांवर शिखरं. षट्कोनी वुर्टझाइट ही स्फटिकरचना, म्हणजे झिंक ऑक्साईडच. भट्टीत न घातलेल्या नमुन्यात याशिवाय लहान जादा शिखरं, म्हणजे थोडं हायड्रॉक्साईडसारखं काही शिल्लक आहे.

आकारासाठी शेररचं सूत्र, शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणारं. शिखराची रुंदी अंशांत घातली तर उत्तर निरर्थक येतं, रेडियनमध्ये घालायची. ३६.२ च्या शिखराची रुंदी ०.३३ अंश, म्हणजे ०.००५७६ रेडियन, क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम: टणटणीच्या पावडरीचा स्फटिक सुमारे २५ नॅनोमीटर. पान न घातलेल्या पावडरीची रुंदी ०.२७ अंश, आकार सुमारे ३१. यंत्रामुळे येणारी रुंदी वजा केलेली नाही, त्यामुळे दोन्ही आकडे जरा कमीच आलेत. हा स्फटिकाचा आकार आहे, पाण्यातल्या गुठळीचा नाही.

पानानं आकार थोडा लहान केला. थोडाच.

१८ ऑगस्ट

मुख्य चाचणी. सगळ्या प्रकारांना सगळ्या मात्रा द्यायच्या म्हटलं तर अडीच-तीन हजार सारख्या वयाच्या अळ्या लागतात. ते आमच्या ट्रेंना झेपणारं नाही. म्हणून एकच मात्रा, १०० पीपीएम, आणि तिच्याभोवती तुलनेला हवे तेवढे शेजारी कप.

झिंक ॲसिटेटच्या कपात जस्त तेवढंच पडायला हवं. ऑक्साईडच्या २.७ पट वजन घ्यायचं, म्हणजे कपात २७ मिलिग्रॅम. अर्काच्या कपात किती? १०० मिलि अर्कातून ३.१ ग्रॅम पावडर झाली, कपात १० मिलिग्रॅम पावडर, म्हणून त्यामागे सुमारे ०.३ मिलि अर्क. लोक अर्काची चाचणी भरमसाट मात्रेनं करतात आणि मग तुलना बसत नाही.

आधीच्या एका रंगीत तालमीत खिडकीकडचे कप जास्त मेले होते. झिंक ऑक्साईड अतिनील प्रकाशात क्रियाशील होतं, आणि खिडकीत ऊबही जास्त, दोन्ही गोष्टी एकदम. आता सगळे कप आतल्या खोलीत, ट्यूबखाली, बारा तास उजेड बारा तास अंधार, कपांच्या जागा चिठ्ठ्या टाकून.

२४ तासांनी, प्रत्येकी शंभर अळ्यांपैकी मेलेल्या:

नुसतं डिस्टिल्ड पाणी २. शेवटच्या धुण्याचं पाणी ४. अर्क ५. दुकानातलं साधं झिंक ऑक्साईड ३४. पान न घातलेली, भाजलेली पावडर ५७. टणटणीची भाजलेली ६१. टणटणीची न भाजलेली ६८. झिंक ॲसिटेट ७४.

धुण्याचं पाणी आता स्वच्छ निघालं, ही पहिली समाधानाची गोष्ट. दुकानातल्या ऑक्साईडपेक्षा बारीक पावडर नक्कीच जास्त मारते. पण ५७ आणि ६१ यांतला फरक चार-चार कपांत सिद्ध होत नाही. कपाकपात तेवढा फरक सहज आहे. न भाजलेल्या पावडरीचे सात जास्त, तेही हातचं राखून बोलावं लागेल. आणि सगळ्यांच्या वर बसलाय जस्ताचा साधा विरघळलेला क्षार, झिंक ॲसिटेट.

मला यातून दिसतं ते असं: अळ्या मारण्याचं बरंचसं काम पाण्यात उतरणारं जस्त करतंय. कण बारीक असले की जस्त लवकर उतरतं, म्हणून बारीक पावडर जाड पावडरीपेक्षा पुढे. टणटणीचं श्रेय फार थोडं. मैत्रिणीला हे पटायला दोन दिवस लागले, कारण न भाजलेल्या पावडरीच्या कपातल्या अळ्यांच्या आतड्यात पांढरी रेघ स्पष्ट दिसते. एडिसच्या अळ्या तळाशी चरतात, खाली बसलेले कण त्या खातात. त्यामुळे पोटात जाऊन कण काही करत नाहीत, असं मी म्हणणार नाही. एवढंच की आमच्या कपांवरून ते वेगळं काढता येत नाही.

२२ ऑगस्ट

तेच तपासायला: १०० पीपीएमचं द्रावण एक दिवस ठेवून, सेंट्रिफ्यूज करून वरचं निवळ पाणी घेतलं, त्यात अळ्या सोडल्या. शंभरात ४३ मेल्या. आमच्या ४००० फेऱ्यांत अतिबारीक कण वर राहतात, म्हणून हे सगळं विरघळलेल्या जस्ताच्या नावावर घालता येत नाही. अणुशोषण यंत्रावर जस्त मोजायला नमुने दिलेत.

२५ ऑगस्ट

डिस्टिल्ड पाण्यात कुणाच्या घरी डास होत नाहीत. म्हणून तीच मात्रा नळाच्या पाण्यात आणि पिंपात आठवडाभर उघड्यावर ठेवलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यात कण तासाभरात एकमेकांना चिकटून तळाला गेले, मेल्या ३८. पिंपाच्या पाण्यात, पानं-माती कुजलेल्या, २१. पाण्यातले क्षार कणांना एकत्र आणतात आणि सेंद्रिय पदार्थ जस्ताला बांधून ठेवतात. ज्यांनी फक्त डिस्टिल्ड पाण्यातले आकडे दिलेत त्यांचे कप आणि आपल्या दारातलं पिंप यांच्यात एवढं अंतर आहे.

२९ ऑगस्ट

गप्पी माशांवर तपासायची इच्छा होती. पृष्ठवंशी प्राण्यांवर प्रयोगाला समितीची परवानगी लागते, ती नव्हती, म्हणून केलं नाही. कॉलेजच्या बागेतल्या हौदातून डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक कवचधारी जीव, घेतले. १० पीपीएमला, जिथे डासाच्या अळ्या शंभरात सहाच मेल्या होत्या, तिथे डॅफ्निया २४ तासांत सगळे निपचित.

हा आकडा वहीत लिहिताना हात जड झाला, आणि तो प्रबंधात पहिल्या तक्त्यातच असावा असा माझा आग्रह आहे. तळ्यात किंवा हौदात हे टाकलं तर डासांच्या आधी बाकीचं जग मरेल.

२ सप्टेंबर

पिंपाचा हिशेब करून ठेवला, कारण घरी-दारी प्रत्येक जण हाच विचारतो. २०० लिटरच्या पिंपाला १०० पीपीएम म्हणजे २० ग्रॅम पावडर. आमच्या एका बॅचला ३ ग्रॅम, तर एका पिंपाला सहा-सात बॅच, आणि तरी नळाच्या पाण्यात निम्म्यासुद्धा अळ्या मरत नाहीत. टेमिफॉसची नेहमीची मात्रा १ पीपीएम, म्हणजे त्याच पिंपाला ०.२ ग्रॅम. शिवाय १०० पीपीएम ऑक्साईडमध्ये जस्त लिटरला ८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२, जस्ताची स्वीकार्य मर्यादा ५ आणि पर्यायी स्रोत नसेल तर १५. वापराच्या पाण्याच्या पिंपात हे टाकू नका, "वनस्पतीपासून केलेलं" असलं तरी. आमच्या गल्लीत या पावसाळ्यात दोन घरांत डेंगी झाला. त्यांना मी पावडर दिली नाही. रविवारी पिंपं रिकामी करून आतून घासायला गेले.

६ सप्टेंबर

आवराआवर. उरलेल्या अळ्या, कोष आणि पट्ट्यांवरची अंडी उकळत्या पाण्यात. पट्ट्या नुसत्या वाळवून कपाटात ठेवू नका, पुढच्या वर्षी ओल्या झाल्या की फुटतील.

जस्ताचं पाणी बेसिनमध्ये ओतलं नाही. सगळं एका कॅनमध्ये जमवलं, धुण्याचा सोडा घालून जस्ताचा साका पाडला, वरचं पाणी तपासून मग सोडलं आणि साका टाकाऊ रसायनांच्या बाटलीत. कोरडी पावडर हाताळताना एन-९५ मास्क, पंखा बंद.

खर्च, ढोबळ: झिंक ॲसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साईड मिळून हजाराच्या आत, डिस्टिल्ड पाणी दीड हजार, एक्सआरडी बाराशे, गुजरीतलं यंत्र सहाशे, ग्लास-जाळ्या-कप आठशे. वेळ सगळ्यात जास्त गेला तो एक्सआरडीची वाट बघण्यात आणि नीट न धुतलेल्या पावडरीवर.

अणुशोषणाचे आकडे यायचे आहेत, आले की इथेच जोडेन. टणटणीची भाजलेली पावडर संपली. पान न घातलेली १.४ ग्रॅम शिल्लक आहे, डेसिकेटरच्या खालच्या कप्प्यात, निळ्या झाकणाच्या बाटलीत, बॅचची तारीख वर लिहिलीय. पुढच्या बॅचनं तीच तुलनेला वापरावी. ती संपली असेल तर आधी ती करून घ्यावी, पानं तोडायला त्यानंतर जावं.